पाने ठेवायची पेटी

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी पेटी आहे. उरणपासून कोसभर आत, मिठागरांच्या काठाला एक गाव आहे. तिथे चांगदेव मेस्त्रीच्या घराच्या पडवीत माझा मुक्काम असतो. मोटारी, ट्रक आणि गिरणीची इंजिने दुरुस्त करायची त्याची सगळी हत्यारे माझ्या पोटात राहतात. माझ्या अंगाला ग्रीसचा वास येतो. झाकणावर हातोडीचे चार वण आहेत आणि एका कोपऱ्याचा टवका उडालेला आहे. तुम्ही म्हणाल, हत्यारांची पेटी ती, तिला कसले आले आत्मवृत्त! थांबा, अशी घाई करू नका. माझा जन्म हत्यारांसाठी झालाच नव्हता. मला घडवले ते एका लग्नासाठी. हे कसे झाले ते मी पहिल्यापासून सांगते, कारण मधूनच सुरू केलेली गोष्ट मला आवडत नाही.

साल होते एकोणीसशे एकावन्न. चांगदेवची आई गोदूबाय ही पंचक्रोशीतली नावाजलेली धवलारीण. आगरी माणसांच्या लग्नात धवलारणीचा मान मोठा. मांडवात बसून तिने धवले, म्हणजे लग्नाची गाणी, म्हणायचे, देवांना बोलवायचे, नवरानवरीला हळद लावायची, तेव्हा कुठे लग्न लागते. गोदूबायने अशी तीनेकशे लग्ने लावली होती. आवाज असा खणखणीत, की या मांडवात गायला लागली तर पलीकडच्या पाड्यातली माणसे हातातली कामे टाकून ऐकत.

पण तिच्या मनाला एकच हुरहूर होती. चांगदेव तिचा एकुलता एक. बाप लवकर गेला, आणि पोरगा मिसरूड फुटायच्या आधीच मुंबईला एका मोटारीच्या कारखान्यात कामाला लागला. लढाई सुरू झाली, संपली, देश स्वतंत्र झाला, तरी हा तिकडेच. गोदूबाय ज्याला त्याला सांगायची, "दुसऱ्यांच्या पोरांचे धवले गाऊन माजा घसा सुकला गो! माज्या चांग्याचा धवला मी कवा गानार?" एवढेच तिला आयुष्याकडून हवे होते. पोराला हळद लागावी आणि ती आपण गाऊन लावावी.

दर आठवड्याला ती मोरा बंदरावर जाऊन चांगदेवसाठी सुकटीचे बोचके लाँचवरच्या हिरामणकडे द्यायची. हिरामण हा चांगदेवचा बालमित्र, लाँचवर खलाशी. एके दिवशी लाँच सुटता सुटता तो वरूनच ओरडला, "मावशे, चांगदेवचा निरोप हाय! तो आता कायमचा गावाला येतंय. पाने ठेवायला एक मोठी पेटी बघून ठेव म्हनलाय. झाकन घट्ट पायजे. खाऱ्या हवेत पाने खराब व्हतात!"

भोंगा वाजला, लाँच गेली आणि घोटाळा मागे राहिला.

आता बघा, मोटारवाले नट फिरवायच्या हत्याराला पाना म्हणतात. एक पाना, दहा पाने. कारखान्यातल्या शेंबड्या पोरालाही हे ठाऊक. पण जिचा जन्म मांडवात गेला त्या बाईला पाने म्हटल्यावर काय आठवणार? विड्याची पाने! पोरगा कायमचा येतो आहे, आणि गावभर पानसुपारी वाटायला मोठी पेटी मागतो आहे. लग्नाचे पोराने स्वतःच्या तोंडाने सांगायचे नसते, म्हणून आडून सुचवतो आहे बिचारा. गोदूबायने बंदरावरच डोळ्यांना पदर लावला. घरी पोचेपर्यंत वाटेत भेटलेल्या अकरा बायांना ही बातमी सांगून झाली होती.

दुसऱ्या दिवसापासून तिचा पेटीचा शोध सुरू झाला. उरणच्या बाजारात तिने तीन पेट्या पाहिल्या. बोटाच्या पेराने ठोकून बघायची, झाकण उघडमीट करायची आणि नाक मुरडायची. एकीचे लाकूड ओले, दुसरीच्या सांध्यातून पलीकडचे दिसते, तिसरी दिसायला देखणी पण हलवली की कुरकुरते. शेवटी ती करंज्याला रावजी मेस्त्रीकडे गेली. रावजी होड्या बांधायचा.

"मी व्हड्या बांधतो गो, पेट्या न्हाय," रावजी म्हणाला.

"तुज्या व्हडीत पानी शिरतं का?"

"काय बोलतेस! रावजीच्या व्हडीत पानी?"

"मग तशीच पेटी कर. व्हडीत पानी शिरू देत न्हायस, तशी माज्या पेटीत हवा शिरू देऊ नको. माज्या चांग्याच्या लगनाची हाय."

लग्नाचे नाव काढल्यावर रावजीला नाही म्हणवेना. एका मोठ्या होडीच्या उरलेल्या सागाच्या फळ्या त्याने काढल्या. होडीला जोडतात तशा त्या जोडल्या, सांध्यांत कापूस ठासला, वरून राळ भरली आणि बाहेरून माशाच्या तेलाचे तीन हात दिले. झाकणाच्या कडेला खोबण अशी केली की झाकण बसले म्हणजे बसले. आत खाली एक मोठा खण पानांसाठी. त्याच्यावर उचलून काढायची एक फळी, तिला सात कप्पे: चुना, कात, सुपारी, लवंग, वेलची, बडीशेप आणि अडकित्त्यासाठी एक लांबट. मी तयार झाले तेव्हा रावजीने मला पाण्यात सोडून पाहिले, खरेच! मी तरंगले, आणि आत थेंब गेला नाही. पेटीला कुणी पोहायला लावते का? पण माझी परीक्षा झाली, आणि मला अजून तिचा अभिमान आहे.

चांगदेव आला त्या दिवशी पडवीत पंधरावीस बाया जमल्या होत्या. शेजारची मनुबाई, जी मांडवात गोदूबायच्या मागे सूर धरायची, ती तर नवे लुगडे नेसून आली होती. मी मधोमध, केळीच्या पानावर. माझ्या पोटात ताजी पाने रचलेली. चांगदेव खांद्यावर गोणपाटाचे जड बोचके घेऊन आत आला, आईच्या पाया पडला, आणि म्हणाला, "पेटी केलीस व्हय? बघू."

झाकण उघडले. तो आत बघतच राहिला. "आये, ह्यो काय?"

"पाने. तूच सांगितलंस ना?"

चांगदेवला हसावे की रडावे कळेना. त्याने बोचके सोडले आणि खणखणाट करत विड्याचीबिड्याची नव्हेत, अस्सल लोखंडी पाने चटईवर ओतले. लहान, मोठे, वाकडे, दुतोंडी. "आये, हे पाने गो! मोटारीचे! मी घरी कारखाना काढतोय."

क्षणभर कुणाला काही उमगले नाही. मग मनुबाईला हसू फुटले आणि सगळी पडवी हसायला लागली. गोदूबायही हसली. पोट धरून हसली. पण मी तिच्या पायाशीच होते. हसता हसता तिने हळूच विचारले, "म्हंजी लगीन न्हाय?" आणि चांगदेव म्हणाला, "आधी काम उभं राहू दे ना." तेव्हा तिचा चेहरा पडलेला मी पाहिला. जमलेल्या बायांना तिने तीच पाने वाटली, कारण ताजी पाने फेकून देणे तिला जमले नसते.

आता माझे काय करायचे हा प्रश्न आला. चांगदेवने मला आतून बाहेरून पाहिले. लाकूड चांगले आहे म्हणाला, कामही चोख आहे म्हणाला. पण त्याच्या मनात दुसरीच भरली होती. लढाई संपल्यावर पलटणीचे सामान मुंबईत विकायला निघाले होते. त्यातली एक हिरवी पत्र्याची पेटी त्याने हेरून ठेवली होती. तिला ओढायचे तीन खण, दोन कड्या, आणि वर पांढऱ्या रंगात कसले तरी इंग्रजी आकडे. "आये, ही पेटी बघून लोकांना वाटला पायजे की कारागीर मुंबईचा हाय," तो म्हणाला. "तुज्या पेटीत चुन्याकाताचे कप्पे. गिऱ्हाईक हसंल मना."

पुढच्या लाँचने ते टमरेल आले. मी टमरेलच म्हणणार तिला. पडवीतली मानाची जागा तिला मिळाली, आणि मला आतल्या खोलीत, तांदळाच्या कणगीशेजारी ठेवले. गोदूबायने माझ्या कप्प्यांत सुपारी भरली, कात भरला, तिच्या सासूचा पोलादी अडकित्ता लांबट कप्प्यात ठेवला आणि झाकण लावले. "राहू दे. लगनाला लागंल," एवढेच म्हणाली. मित्रांनो, कामासाठी घडवलेल्या वस्तूला कोपऱ्यात बसून राहणे फार जड जाते. पडवीत ठोकाठोक चालायची, चांगदेवचे गुणगुणणे ऐकू यायचे, आणि माझा जीव आत तळमळायचा.

पण तळमळणारी मी एकटी नव्हते. गोदूबायने मुलगी पाहायला सुरुवात केली होती. शेजारच्या गावातल्या बाबाजींची मैना. बाबाजी म्हणजे भाताच्या गिरणीचे मालक, तालेवार माणूस. त्यांच्या गिरणीचे इंजिन बंद पडले तेव्हा चांगदेव दोन दिवस तिथे खपत होता. मैनेने त्याला पाणी दिले, जेवायला वाढले, आणि इंजिन सुरू झाले तेव्हा ती दारात उभी राहून हसली, असे मनुबाईने येऊन सांगितले. मनुबाईला सगळे ठाऊक असते. गोदूबाय लगोलग मागणी घालायला गेली.

बाबाजी स्वतः पडवीत येऊन सगळे बघून गेले. पत्र्याची पेटी बघितली, वर टांगलेले टायर बघितले. मग म्हणाले, "गोदूबाय, पोरगा गुनाचा हाय, न्हाय म्हनत न्हाय मी. पन मुंबईची नोकरी सोडून घराच्या पडवीत बसलेल्याला मी माजी पोर कशी देवू? त्याला परत कामावर जाऊ दे. तो लाँचमदी बसला की दुसऱ्या दिशी सुपारी फोडू."

गोदूबायने ही गोष्ट चांगदेवला जशीच्या तशी सांगितली. तो बराच वेळ हातातला नट चाळवत बसला. मग म्हणाला, "तुज्या मनात काय हाय?" ती म्हणाली, "माज्या मनात काय असनार? तू बघ." आणि दोघे आपापल्या कामाला लागले. दोन्ही बाजूंनी एवढेच बोलणे झाले. मी आतून ऐकत होते.

पहिला पावसाळा कसाबसा निभावला; दुसरा आला आणि त्या हिरव्या टमरेलचे खरे रंग दिसले. आमच्याकडची हवा मुंबईपेक्षाही खारट, सगळीकडे मिठागरे. पत्र्याला आतून घाम फुटायचा. सकाळी खण ओढला की पान्यांवर तांबूस पावडर. चांगदेव रोज रॉकेलने पुसायचा, तेल लावायचा, पण श्रावण संपेपर्यंत पान्यांची तोंडे गंजाने खाल्ली. मग एक दिवस मोरा बंदरावरची भाड्याची मोटार दुरुस्तीला आली. गंजलेला पाना नटावरून सटकला, नटाच्या कडा झिजून गोल झाल्या, आणि काही केल्या तो निघेना. मोटारीचा मालक चार माणसांसमोर म्हणाला, "घरगुती कारखाना म्हंजी हे असंच." दोरीने बांधून त्याने मोटार पनवेलला नेली. त्यानंतर महिनाभर पडवीत कुणी फिरकले नाही.

चांगदेव खचला. त्याच सुमारास हिरामण निरोप घेऊन आला की मुंबईच्या कारखान्यात जागा रिकामी आहे, मालक आठवण काढतो. चांगदेवने पाने पुन्हा गोणपाटात बांधायला काढले. "हितं लोखंड टिकत न्हाय, मी काय टिकनार?" तो आईला म्हणाला. "दसरा झाला की जातंय."

मित्रांनो, गोदूबायला तर आनंद व्हायला हवा होता! पोरगा लाँचमध्ये बसला की बाबाजी सुपारी फोडणार, मैना घरात येणार, आणि ती धवला गाणार. दारात घोडे उभे होते म्हणा ना. त्या दुपारी तिने मला उघडले, सुपारी किती आहे ते बघायला. आणि तिच्या हाताला अडकित्ता लागला.

तिने तो उजेडात धरला. दोन पावसाळे तो माझ्या पोटात होता. तेलाचे बोट लागले नव्हते त्याला. आणि त्याच्यावर गंजाचा एक ठिपका नव्हता. पाते असे लखलखत होते की तिचे तोंड त्यात दिसावे. शेजारी दारात गोणपाटावर चांगदेवचे तांबडे पडलेले पाने होते. गोदूबाय शाळेत गेली नव्हती, पण अक्कल कुणाच्या बापाची नसते. ती अडकित्ता मांडीवर घेऊन खाली बसली.

मी तिच्या मनातले सांगू शकत नाही, पण तिच्या तोंडून सुटे सुटे शब्द बाहेर पडत होते ते ऐकले. "न्हाय सांगितला तर जाईल... लगीन व्हईल..." असे म्हणायची आणि थांबायची. मग, "पन मुंबईत त्याचा जीव लागत न्हाय. घरी असला की गुनगुनतंय माजा पोर." अडकित्ता परत माझ्यात ठेवून झाकण लावले असते तर कुणाला काही कळले नसते. तिने एकदा तसा हातही केला. मग उठली, आणि पडवीत गेली.

"चांग्या, ह्यो अडकित्ता बघ."

"काय बघू? चांगला हाय."

"दोन पावसाले तो लाकडी पेटीत हाय. रावजीनं व्हडीसारखी बांधलीय ती. आता तुजे पाने बघ."

चांगदेवने अडकित्ता हातात घेतला. पात्यावरून अंगठा फिरवला. मग माझ्याकडे आला, खोबणीवरून बोट फिरवले, झाकण लावले, उघडले, परत लावले. त्याच्या डोळ्यांत जी चमक आली ती मी पहिल्यांदा पाहिली. "आये, येडा मी! हिला सोडून पत्रा घेऊन बसलो!"

गोदूबायने स्वतःच्या हाताने माझे कप्पे रिकामे केले. सुपारी, कात, लवंग, सगळे पदरात घेतले आणि मनुबाईला देऊन म्हणाली, "वाटून टाक गो."

"अगं, लगनाची सुपारी ना ही?"

"पोर घरी राहतंय. लगीन राहू दे," ती म्हणाली आणि पदर झटकला.

त्या दिवसापासून मी पडवीत आले. घासून पुसून चकचकीत केलेले पाने माझ्या पोटात बसले, आणि खरे सांगते, माझ्या अंगावर मूठभर मांस चढले. टमरेलमध्ये पुढे कोंबड्या अंडी घालू लागल्या. तिला शोभेसे काम मिळाले.

आणि काय वर्षे होती ती! गोदूबाय माझ्या शेजारी पाट टाकून बसायची आणि चांगदेव गाडीखाली गेला की त्याला हत्यारे द्यायची. तिला आकडे वाचता येत नसत, अर्धा इंच काय नि पाऊण इंच काय. मग दोघांनी आपलीच युक्ती काढली. कप्प्यांची नावे तीच ठेवली. चुन्याच्या कप्प्यात सर्वांत लहान पाने, काताच्या कप्प्यात त्याहून मोठे, सुपारीच्या कप्प्यात नटबोल्ट. चांगदेव गाडीखालून ओरडायचा, "आये, कात दे!" आणि हात बाहेर काढायचा, की बरोबर पाना हातात. "आता चुना! चुना न्हाय, लवंग!" परगावचे ड्रायव्हर कान टवकारून ऐकायचे. एकाने तर विचारले, "मेस्त्री गाडी दुरुस्त करतो की गाडीखाली विडा लावतो?" माझे नाव सगळीकडे झाले. पेणपासून लोक पेटी बघायला यायचे. त्यांतल्या दोघांनी रावजीकडे तशाच पेट्या करायला टाकल्या. पण त्या पोहल्या की नाही, मला माहीत नाही.

पंचावन्न साली मैनेचे लग्न झाले, रेवदंड्याकडच्या एका मुंबईत नोकरी करणाऱ्या मुलाशी. धवला गायला कुणाला बोलावणार? पंचक्रोशीत धवलारीण एकच. गोदूबाय गेली आणि गाऊन आली. येऊन माझ्या शेजारी बसली आणि लुगड्याला लागलेली हळद नखाने खरवडत राहिली. चांगदेव त्या दिवशी एका मिठाच्या ट्रकखाली गेला तो संध्याकाळपर्यंत बाहेर आला नाही. ट्रकला फार काही झाले नव्हते. एक नळी बदलायची होती. आईने पाने दिले, त्याने घेतले.

वर्षे सरली. रस्ते झाले, ट्रक वाढले, पडवीपुढे गाड्यांची रांग लागू लागली. आता मुलींचे बाप आपण होऊन येत. चांगदेव हसून म्हणायचा, "कानशिलं पांढरी झाली माजी. आता कुठं?" आणि ते चहा पिऊन परत जायचे. गोदूबायने धवल्यांना जाणे कमी केले. आवाज थकला म्हणायची. तो थकला नव्हता. पडवीत एकटी असली की ती हळू आवाजात म्हणून बघायची, आणि मग एकदम गप्प व्हायची.

मग आली चौसष्ट सालची खंडेनवमी. हत्यारांच्या पूजेचा दिवस. सकाळी चांगदेवने मला रिकामे केले, सगळे पाने रॉकेलने धुऊन चटईवर ओळीने मांडले. मला माथ्याशी ठेवून झेंडूची माळ घातली. गोदूबाय वाटीत हळद कालवून एकेका पान्याला बोट लावत होती. सत्तरी उलटली होती तिची. बोट लावता लावता ती थांबली.

"चांग्या," ती म्हणाली, "एक इचारू? मैना तुना आवडली व्हती का रं?"

चांगदेव एक पाना पुसत होता. तो पुसून झालेलाच होता, तरी त्याने परत पुसला. "व्हय," म्हणाला.

"मग बोलला का न्हायस? गेला असतास मुंबईला. मी अडवला नसता."

"तू अडकित्ता घेऊन आलीस. मना वाटला, तुना मी घरी पायजे."

"आरं वासरा!" गोदूबायच्या हातातली वाटी कलंडली. "मना वाटला, तुना घर पायजे! माजा तर जीव तुज्या लगनात अडकलेला. मी माजा मन मारला, तुज्यासाठी!"

"मना घरपन पायजे व्हतं," चांगदेव शांतपणे म्हणाला. "काम माजं मना आवडतं, त्यात खोटं न्हाय. पन मैनापन आवडली व्हती. तू कवा इचारलंसच न्हाय."

"तू कवा सांगितलंस?"

बारा वर्षे एका पेटीच्या दोन बाजूंना बसलेली ही दोन माणसे, मित्रांनो! मला वाटले, माझ्या सगळ्या फळ्या सुट्या व्हाव्यात. मीच ना ती पेटी, जिच्यापायी त्या दिवशी हे असे ठरले?

मग गोदूबायने सांडलेली हळद बोटांनी गोळा केली. पुढे सरकून तिने ती चांगदेवच्या दोन्ही हातांना लावली, मनगटापासून कोपरापर्यंत. ग्रीसने काळे पडलेले ते हात. तो म्हणाला, "आये, ह्यो काय करतेस?" तिने धवला धरला.

लग्नाशिवाय धवला कुणी गात नाही. तो आवाज ऐकून मनुबाई काठी टेकत धावत आली. "गोदूबाय, कुनाचं लगीन गो?" म्हणत उंबऱ्यापर्यंत पोचली, आणि तिथेच उभी राहिली. आवाज तोच होता, खणखणीत. त्या धवल्यात प्रत्येक कडव्याला आधी नवऱ्याचे नाव येते आणि मग नवरीचे. नवऱ्याचे नाव तिने घेतले, चांगदेव. मग नवरीच्या नावाची जागा आली. मैना आता दुसऱ्या घरची सून होती, चार लेकरांची आई. तिचे नाव घेणे बरे दिसले नसते. आणि दुसरे कोणते नाव घालायचे? गोदूबाय एका नावापुरती गप्प राहिली, आणि मग पुढची ओळ म्हणाली. दुसऱ्या कडव्यात पुन्हा तसेच. तिसऱ्यात पुन्हा. मागे सूर धरायला तोंड उघडलेल्या मनुबाईलाही त्या जागी थांबावे लागत होते. त्या धवल्याला सात कडवी आहेत. सातही वेळा ती तेवढीच जागा सोडून पुढे गेली, आणि चांगदेव हळदीचे हात मांडीवर उताणे ठेवून, मान खाली घालून ऐकत राहिला.

मित्रांनो, आता माझे सांगणे. आमच्यासारख्या वस्तूंना जपा. वापर झाला की पुसा, तेलाचा बोळा फिरवा, ओल्यात ठेवू नका. एवढ्यावर आम्ही पन्नास वर्षे टिकतो. पण तुमच्या घरातली माणसे एवढ्यावर टिकत नाहीत. त्यांना विचारावे लागते, तुला काय हवे आहे? त्यांच्या मनातले आपल्याला ठाऊक आहे असे धरून चालू नका, आणि आपल्या मनातले त्यांना आपोआप कळेल असेही समजू नका. अडकित्त्याच्या त्या दुपारी दोघांच्या मध्ये मी होते, मला दोघांचेही ऐकू येत होते. पण मी पेटी आहे, मला विचारता येत नाही. तुम्हाला येते.